मिळून करण्याची विद्या

विज्ञानप्रदर्शनाचा दिवस जवळ आला म्हणजे शाळाशाळांतून एक विशेष प्रकारची लगबग दृष्टीस पडते. थर्मोकोल, रंग, लहान मोटारी व विजेचे दिवे यांची खरेदी होते. कोणाचे वडील, कोणाचा मोठा भाऊ, तर कोणाच्या ओळखीचा कारागीर रात्र जागून ज्वालामुखी, पवनचक्की अथवा धरण तयार करून देतो. आणि दुसरे दिवशीं मुलगा त्या सुबक वस्तूजवळ उभा राहून चार पाठ केलेलीं वाक्यें येणाऱ्याजाणाऱ्यास म्हणून दाखवितो. शहरांतील दुकानांतून अशा वस्तु आतां तयारही मिळूं लागल्या आहेत. बक्षीस मिळालें तर घरींदारीं आनंद होतो, व तो होऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या वस्तूच्या घडणींत मुलाच्या बुद्धीचा व हाताचा वांटा किती होता, हा प्रश्न कोणीं विचारला तर पुष्कळ ठिकाणीं उत्तर देतांना संकोच वाटेल.

आमच्या मतें शाळेंत मुलांकडून कांहीं घडवून घ्यावयाचें तें बक्षिसाकरितां नव्हे व शोभेकरितांही नव्हे. दोन विद्या अशा आहेत कीं त्या नुसत्या पुस्तकांतून शिकवितां येत नाहींत. एक, नसलेली वस्तु मनांत उभी करून, तिला माप, खर्च व काळ यांच्या मर्यादेंत बसवून प्रत्यक्षांत आणणें. हिला आपण रचना म्हणूं. दुसरी, स्वभावानें व बुद्धीनें भिन्न अशा चारचौघांनीं एक काम आपलें समजून शेवटास नेणें, हें सहकार्य. ह्या दोन्ही विद्या एकाच उपक्रमांत, एकाच वेळीं शिकतां येतात, आणि तो उपक्रम म्हणजे विद्यार्थ्यांनीं मिळून हातीं घेतलेलें एखादें लहानसें इंजिनियरीचें काम होय. अशा कामास शाळेनें दरवर्षीं वेळ, जागा व चुकण्याची मोकळीक द्यावी, आणि पालकांनीं तें मुलांनाच करूं द्यावें, एवढेंच आमचें ह्या लेखांत मागणें आहे.

बोलणें हवेंत राहूं नये म्हणून आपल्या मातींतलेंच एक उदाहरण घेऊं. पूर्वीचें अहमदनगर व आतांचें अहिल्यानगर, नांव कोणतेंही घ्या, सह्याद्रीलगतचा अकोले तालुक्याचा भाग सोडला तर आपला बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेंत आहे. पाण्याचें मोल येथील मुलास निराळें शिकवावें लागत नाहीं. समजा, शाळेच्या पत्र्याच्या छपरावरचें पावसाचें पाणी सांठवून त्यावर बागेंतील रोपें जगवावीं असें आठव्या इयत्तेच्या मुलांनीं ठरविलें. छपराचें क्षेत्रफळ १०० चौरस मीटर धरूं. एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. तेव्हां वर्षाकाठीं ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एका छपरावर ५०,००० लिटर पाणी पडतें. येथपर्यंतचें काम पाठ्यपुस्तकाचें झालें. खरी रचना ह्यापुढें सुरू होते.

पाऊस वर्षभर सारखा पडत नाहीं. एका मोठ्या सरींत ४० मिलिमीटर पाणी आलें तर ४,००० लिटर एकदम येतील, आणि मग पंधरा दिवस थेंबही येणार नाहीं. टाकी मोठी घ्यावी तर सर वाया जात नाहीं, पण पैसे अधिक लागतात. १,००० लिटर पाण्याचें वजन १,००० किलो भरतें. तेव्हां टाकीखालचा ओटा किती भक्कम हवा, आणि जमीन काळी असल्यास ती पावसांत फुगून उन्हांत भेगाळते त्याची तजवीज काय, हें पाहिलें पाहिजे. टाकी उंचावर ठेवावी तर पाणी रोपांपर्यंत आपोआप जातें. परंतु ती पन्हळीच्या खालींच असली पाहिजे, नाहीं तर छपराचें पाणी तींत उतरणारच नाहीं. दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारें एका वातावरणाच्या दाबाइतका असतो. म्हणजे दीड मीटर उंचीवरील टाकीचा दाब त्याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्या थोड्या दाबावर बाजारांतील नेहमीच्या ठिबकाच्या तोट्या चालतील काय? पहिल्या पावसाबरोबर छपरावरची धूळ व पाखरांची घाण येते, ती बाहेर काढून देण्याची सोय कोठें करावी? झांकण घट्ट नसेल तर डांस होतील. तें फार घट्ट बसविलें तर टाकी धुवावयाची कशी?

परीक्षेंतील प्रश्नास एक उत्तर असतें व तें पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें असतें. ह्या प्रश्नांस तसें उत्तर नाहीं. एक गोष्ट साधावी तर दुसरी बिघडते. दोहोंचा मेळ घालावा तर तिसरी खर्चाबाहेर जाते. शेवटीं कोणती गरज मोठी व कोणती धाकटी हें ठरवून कशावर तरी पाणी सोडावें लागतें. ह्या ठरविण्यालाच रचना म्हणतात, आणि ती विवेकाची तालीम आहे. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें अगोदर बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा दाखला प्रभूनें लोकसमुदायास दिला तो केवळ गवंड्यांकरितां नव्हता. कागदावर पेन्सिलीनें टाकी चार वेळां पुसून पांचव्यांदां काढणारा मुलगा पुढें संसारांत व व्यवहारांत उडी टाकण्यापूर्वीं खोली पाहावयास शिकतो.

आतां ह्या कामास पांचसहा मुलामुलींचा एक गट बसला आहे अशी कल्पना करा. एक मापें घेतो, दुसरी आराखडा काढते, तिसरा बाजारांत भाव विचारून हिशेब मांडतो, चौथी ओट्याचें काम पाहते, पांचवा पन्हळीचा उतार साधतो. पहिल्याच आठवड्यांत कुरबुर होईल. वर्गांत नेहमीं पहिला येणारा मुलगा सर्व निर्णय आपणच घेऊं पाहील. मग एके दिवशीं मागच्या बांकावर गप्प बसणारा, ज्याचे वडील गवंडीकाम करतात असा मुलगा, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनें दोन टोकांची पातळी कशी पाहावी हें सहज करून दाखवील. आणि जें ज्ञान आपणांस नाहीं तें आपल्या शेजाऱ्यापाशीं आहे, हें त्या पहिल्या मुलास कळेल. मागच्या बांकावरच्या मुलासही त्या दिवशीं आपल्या घरच्या विद्येची लाज वाटेनाशी होईल. ह्या एका क्षणाचें मोल आम्हांस अनेक व्याख्यानांहून अधिक वाटतें.

आपल्या समाजांत लेखणी धरणारा हात वरचा व करवत धरणारा हात खालचा, असा भेद पिढ्यान् पिढ्या चालत आला. समतेवरील निबंध उत्तम लिहिणारा विद्यार्थीही सुताराशीं कोणत्या सुरांत बोलतो हें पाहिलें म्हणजे निबंधाची पोंच कळते. ज्यानें एकदां स्वतः फळी कापून ती दोन सूत आंखूड झालेली पाहिली, तो सुताराच्या हाताकडे आदरानें पाहूं लागतो. तसाच दुसरा भेद मुलींचा. गटांत कामें वांटूं लागलें कीं हिशेबाची वही व सजावटीचे रंग मुलींकडे, आणि हातोडी मुलांकडे, अशी वांटणी जणूं ठरल्यासारखी होते. ती शिक्षकानें मोडलीच पाहिजे. दर महिन्यास कामें बदलावीं; म्हणजे प्रत्येकाच्या हातीं हत्यार येईल व प्रत्येकाच्या हातीं हिशेबही येईल.

परंतु कामें वांटलीं म्हणजे सहकार्य झालें असें नव्हे. पन्हळ बसविणाऱ्यानें चार इंची नळ आणला व टाकीवाल्यानें तोंड तीन इंची ठेवलें, तर दोघांचीं कामें आपआपल्या जागीं निर्दोष असूनही पाणी जमिनीवर सांडेल. दोष दोघांच्या मधल्या जागेंत असतो, आणि ती मधली जागा कोणाच्याच वांट्यास आलेली नसते. हें केवळ शाळकरी मुलांच्या बाबतींत घडतें असें समजूं नये. अमेरिकेनें मंगळाकडे पाठविलेलें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ नांवाचें यान १९९९ च्या सप्टेंबर महिन्यांत नष्ट झालें. चौकशींत निघालें तें असें कीं, यानाला मिळणाऱ्या रेट्याचें माप एका गटाची संगणकप्रणाली पौंडांच्या हिशेबानें देत होती, व दुसरा गट तें न्यूटनांच्या हिशेबानें आहे असें धरून चालत होता. एका पौंडाच्या बळाचे जवळजवळ साडेचार न्यूटन होतात. दोन्ही बाजूंस विद्वान् माणसें होतीं. आपला आंकडा कोणत्या मापाचा, एवढेंच एकानें दुसऱ्यास सांगावयाचें राहिलें. उत्तरापुढें एकक न लिहिणाऱ्या मुलाचा अर्धा गुण शिक्षक कां कापतात, हें ह्यावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानीं यावें.

विद्यार्थ्यांनीं मिळून केलेल्या रचनेचें एक खरें व अभिमानास्पद उदाहरण आपल्या शेजारच्या पुणें शहरांत घडलें आहे. तेथील जुन्या व नांवाजलेल्या इंजिनियरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं ‘स्वयं’ नांवाचा एक उपग्रह तयार केला. कामास प्रारंभ २००८ सालीं झाला, आणि २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोटा येथून पी.एस.एल.व्ही.-सी ३४ ह्या अग्निबाणानें एकंदर २० उपग्रह अवकाशांत नेले, त्यांत हा होता. वजन सुमारें एक किलो, म्हणजे घरांतील साखरेच्या पुड्याएवढें. आकार हातांत मावेल एवढा. एका ठिकाणाहून धाडलेला संदेश दुसऱ्या ठिकाणीं पोंचविणें हें त्याचें काम योजिलें होतें.

त्या चिमुकल्या उपग्रहांत रचनेचा एक धडा आहे. अवकाशांत सोडलेली वस्तु भोवऱ्यासारखी गिरक्या घेऊं लागली तर तिच्याशीं संदेशाची देवघेव करणें अवघड होतें. मोठ्या उपग्रहांत तोल संभाळण्याकरितां विजेवर फिरणारीं चाकें असतात. एका किलोच्या उपग्रहांत तीं कोठें बसवावीं, व त्यांस लागणारी वीज कोठून आणावी? विद्यार्थ्यांनीं वीज मुळींच न लागणारी युक्ति योजिली. आंत लोहचुंबक बसविला, म्हणजे होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राप्रमाणें वळते तसा तो उपग्रह वळेल. आणि त्याचें डोलणें हळूहळू थांबावें म्हणून विशिष्ट धातूच्या बारीक कांड्या घातल्या. साधनें थोडीं होतीं म्हणून काम अडलें नाहीं. उलट थोडेपणामुळेंच सोपी व टिकाऊ वाट सुचली. आमच्याकडे अमुक नाहीं, तमुक नाहीं, ही तक्रार करणाऱ्या प्रत्येक शाळेनें हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

परंतु ‘स्वयं’चें आम्हांस सर्वांत मोठें वाटणारें वैशिष्ट्य निराळेंच आहे. २००८ पासून २०१६ पर्यंत आठ वर्षें होतात, आणि इंजिनियरिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. म्हणजे ज्यांनीं पहिलीं रेखाटनें केलीं ते विद्यार्थी उड्डाणाच्या कितीतरी अगोदर पदवी घेऊन बाहेर पडले असले पाहिजेत, आणि ज्यांनीं शेवटचे स्क्रू आंवळले त्यांनीं कामाचा आरंभ पाहिलेला नसावा. मधल्या मुलांच्या वांट्यास तर पहिल्या दिवसाचा उत्साहही नाहीं व शेवटच्या दिवसाचा जयजयकारही नाहीं. तरीही काम तुटलें नाहीं. आपल्या हातून पूर्ण होणार नाहीं हें ठाऊक असूनही तें मनापासून करणें, आणि पुढच्या हातीं नीट सोंपविणें, ही सहकार्याची कठीण पायरी होय. बरोबरीच्या मित्राशीं सहकार्य करणें त्या मानानें सोपें. जो अजून आलेला नाहीं त्याच्याशीं सहकार्य करणें हें खरें शील.

ह्याकरितांच आमचा सर्व भर एका साध्या वस्तूवर आहे, आणि ती म्हणजे वही. प्रत्येक गटानें एक वही ठेवावी. तींत कोणत्या दिवशीं काय मोजलें, काय ठरविलें, कां ठरविलें, काय फसलें व किती पैसे खर्च झाले हें ज्यानें त्यानें आपल्या सहीनिशीं लिहावें. फसलेलें खोडूं नये. वर्षअखेर ती वही पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. पुढच्या वर्षींच्या मुलांनीं टाकी नव्यानें बांधूं नये; त्यांनीं मागची वही वाचावी, गळती कोठें आहे तें शोधावें, आणि आहे त्याच टाकीस सुधारावें. दरवर्षीं नवा देखावा उभा करण्यापेक्षां एकच काम पांच वर्षें सुधारीत नेलें, तर मुलें आधींच्या मुलांचीं ऋणी होतात व नंतरच्या मुलांचे धनी होत नाहींत. त्यांचे सोबती होतात.

आपल्या शहरास ही परंपरा परकी नाहीं. निजामशाहीच्या काळांत डोंगराच्या पायथ्याचें पाणी खापरी नळांनीं नगर शहरांत व बागांत आणलें होतें. पंप नव्हता, वीज नव्हती. होता तो केवळ उतार. कोसाच्या अंतरावर एका बोटाचा उतार चुकला तर पाणी पुढें सरकणार नाहीं, अशा त्या कामांत किती हातांचा व किती डोळ्यांचा मेळ बसला असेल! पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल ह्यांनीं येथेंच हातमागाच्या सुधारणेचें काम केलें. ते अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्राच्या विख्यात संस्थेंत इंजिनियरी शिकलेले होते. हाताच्याच शक्तीनें पण अधिक वेगानें चालेल असा माग त्यांनीं रचिला. पुढें मायदेशीं परतल्यावर १९२२ सालीं त्यांनीं व त्यांच्या पत्नी एलिनोर ह्यांनीं केंटकी प्रांतांतील बेरिया गांवीं हातमागाचा उद्योग उभारला. नगरच्या विणकरांमध्यें राहून झालेली विद्या सातासमुद्रांपलीकडे उपयोगी पडली. शिकलेल्या माणसानें मागापाशीं बसणें हें त्यांस हलकें वाटलें नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

आतां ह्या सर्वांत पणास काय लागलें आहे तें स्पष्ट सांगतों. आपला जिल्हा सहकाराचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. प्रवरेच्या कांठीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील ह्यांच्या पुढाकारानें, व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या साह्यानें, शेतकऱ्यांनीं आपल्या मालकीचा साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा केला. हिवरे बाजार गांवानें पावसाच्या व पाण्याच्या ताळेबंदावरून कोणतीं पिकें घ्यावीं हें सर्वांनीं मिळून ठरविण्याची रीत पाडली. मोठ्या माणसांकडून आपण अशा सामोपचाराची अपेक्षा करतों. परंतु त्याच माणसास लहानपणीं दहा वर्षें आपण काय शिकविलें? शेजाऱ्यास वही दाखवूं नको. तो पुढें गेला तर तूं मागें पडशील. एकटा बस, एकटा लिही, एकटा पहिला ये. परीक्षेच्या दालनांत हा नियम योग्यच आहे. पण शाळेचे सर्व दिवस ह्याच नियमानें चालले, तर त्याच मुलांनीं पुढें एका विहिरीचें, एका बंधाऱ्याचें, एका मंडळीचें वा एका पतपेढीचें काम भांडणाशिवाय चालवावें, ही अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? एक टाकी मिळून वापरावयास ज्यांनीं शाळेंत शिकून घेतलें, तेच उद्यां नदीचें पाणी मिळून वापरतील.

ह्यावर तीन आक्षेप येतात, व ते विचारांत घेण्याजोगे आहेत. पहिला वेळेचा. दहावीचें वर्ष डोक्यावर असतां मुलांनीं पन्हळी बसवीत बसावें काय? आमचें उत्तर असें कीं, हें काम आठवी व नववींत करावें व आठवड्यास दोन तासांहून अधिक वेळ त्यास देऊं नये. ते दोन तास अभ्यासांतून वजा होत नाहींत. दाब, क्षेत्रफळ, टक्केवारी व नेमकें लेखन हीं त्यांत पक्कीं होतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांपाशीं शिकावें असें सुचविलें आहे.

दुसरा आक्षेप न्यायाचा. गटांत दोघे राबतात व चौघे त्यांच्या श्रमावर तरतात, असें कष्टाळू मुलांचे पालक म्हणतात. हें खरें आहे, व तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्यावर उपाय मात्र आहेत. गट लहान असावा. तो मैत्रीवरून किंवा गुणांवरून न पाडतां मिसळ असावा. वहींत प्रत्येकाची सही असावी. आणि शिक्षकानें तोंडी परीक्षेंत पन्हळीचा प्रश्न ओट्यावाल्यास व ओट्याचा प्रश्न पन्हळीवाल्यास विचारावा. म्हणजे दुसऱ्याचें काम समजून घेणें प्रत्येकास भाग पडेल, व जो समजला आहे त्यास दुसऱ्यास समजावून देणेंही भाग पडेल. शिवाय आळशी सोबत्यास कामास कसें लावावें, हा प्रश्न जन्मभर सुटत नाहीं. तो चौदाव्या वर्षीं शिक्षकाच्या देखरेखीखालीं पुढें आला तर बरेंच म्हणावयाचें.

तिसरा आक्षेप खर्चाचा. त्यास पुणें जिल्ह्यांतील पाबळ गांवानें उत्तर दिलें आहे. तेथें १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग ह्या शास्त्रज्ञानें विज्ञान आश्रम स्थापिला. गांवच्या शाळेंतील मुलांनीं लोखंडकाम, शेती, ऊर्जा व घर-आरोग्य अशा विषयांत प्रत्यक्ष कामें करीत शिकावें, आणि तीं कामें गांवाच्या उपयोगाचीं असावींत, ही त्यांची योजना. खोटी प्रतिकृति केल्यास ती प्रदर्शनानंतर कचऱ्यांत जाते व तिचा सर्व खर्च बुडतो. गांवास लागणारी वस्तु केल्यास तिचा खर्च वस्तूंतच उरतो. तेव्हां महाग काय तें ज्यानें त्यानें ठरवावें.

पवित्र शास्त्रांत नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पुष्कळ वाचक ओलांडून जातात, कारण त्यांत नांवांपलीकडे फारसें कांहीं नाहीं. यरुशलेमेचा पडलेला कोट कोणीं कोणत्या ठिकाणीं बांधला, आणि त्याच्या शेजारीं कोण होता, एवढाच तो तपशील. त्यांत याजक आहेत, सोनार आहेत, अत्तर करणारा आहे. कित्येकांनीं आपल्या घरासमोरचाच भाग बांधला. शल्लूम नांवाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलींनींही काम केलें, हेंही तेथें नमूद आहे. आणि तकोवा गांवच्या सरदारांनीं कामास खांदा दिला नाहीं, हेंही लेखकानें लपविलें नाहीं. तो कोट बावन्न दिवसांत पुरा झाला. आमच्या मतें ही जगांतील एक उत्तम उपक्रमवही आहे : ज्यानें केलें त्याचें नांव, जागा व शेजारी, आणि ज्यानें केलें नाहीं त्याचीही नोंद.

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलगा अथवा मुलगी खिळा वांकडा ठोकीत असतां हातोडी हिसकावून घेऊं नका. धारेच्या हत्याराजवळ व विजेजवळ अवश्य उभे राहा. इतर ठिकाणीं हात मागें बांधून पाहा. तुमच्यापाशीं सुतारकाम, गवंडीकाम, शिवणकाम अथवा शेतीची विद्या असेल तर एखादे दिवशीं शाळेंत येऊन ती सर्व मुलांस दाखवा, पण आपल्या एकट्या मुलाची वस्तु रात्रींतून पुरी करून देऊं नका. प्रदर्शनास आलांत म्हणजे वस्तु किती सुबक आहे हें मागाहून पाहा; प्रथम वही मागा.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेंच सांगावयाचें कीं, गटांत तुमचें मत पडलें तरी रुसून बसूं नका, आणि तुमचें मत जिंकलें तरी ज्याचें पडलें त्याच्या हातीं मोजपट्टी द्या. तुम्हीं बांधलेल्या टाकीचें पाणी तुम्ही शाळा सोडून गेल्यावर लावलेल्या रोपांस मिळेल. त्या झाडांच्या सावलींत बसणाऱ्या मुलांस तुमचीं नांवें वहींतूनच ठाऊक होतील. तीं नांवें एकाखालीं एक, एकमेकांच्या शेजारीं लिहिलेलीं असावींत, अशी आमची देवापाशीं प्रार्थना आहे.